नॉर्वेच्या नकाशावरील बारीक रेघा

भूगोलाच्या पुस्तकांत युरोप खंडाचा नकाशा उघडला म्हणजे आपली दृष्टि प्रथम निरनिराळ्या देशांच्या रंगांकडे जाते. तांबडा रंग कोठें संपला आणि हिरवा कोठें सुरू झाला, हें पाहून आपण सरहद्द ओळखतों. परंतु त्याच देशाचा मोठ्या प्रमाणावर काढलेला नकाशा पाहिला, तर प्रत्येक रंगाच्या पोटांत पुष्कळशा बारीक रेघा ओढलेल्या आढळतात. त्या पाठ करण्याचा विद्यार्थ्यांस कंटाळा येतो, व परीक्षेंतही त्यांविषयीं फारसें कोणी विचारीत नाहीं. वस्तुतः देशाच्या सरहद्दीपेक्षां ह्या बारीक रेघांशींच तेथील माणसाचा रोजचा संबंध येतो. आपलें मूल कोणत्या शाळेंत जाईल, घरांत पाणी कोणाच्या व्यवस्थेनें येईल, वृद्ध आईची शुश्रूषा कोण करील, आणि ह्यांपैकीं कशाविषयीं तक्रार असल्यास कोणाचें दार ठोठवावयाचें, हें ह्या रेघाच ठरवितात.

ह्या रेघा कशा पडतात, त्यांच्या आंत काय चालतें, आणि त्या बदलल्या म्हणजे लोकांस काय वाटतें, हें एका देशाच्या उदाहरणावरून समजून घेऊं. ह्यासाठीं नॉर्वे देश निवडला आहे. ह्याचें कारण असें कीं, सुमारें दोनशें वर्षांत त्या देशानें आपल्या पोटांतील रेघा अनेक वेळां पुसल्या व नव्यानें काढल्या. आणि एका प्रसंगीं तर पुसून टाकलेली रेघ चार वर्षांनीं, लोकांच्या आग्रहावरून, होती तेथें पुन्हां ओढली.

नॉर्वे हा युरोपच्या वायव्य कडेस, उत्तर ध्रुवाच्या दिशेनें पसरत गेलेला लांबट देश आहे. त्याच्या मुख्य भूमीचें क्षेत्रफळ सुमारें ३,२४,००० चौरस किलोमीटर असून लोकवस्ती अवघी सुमारें ५५ लाख आहे. पुष्कळसा मुलूख डोंगरांनीं, जंगलांनीं व उघड्या खडकांनीं व्यापलेला असल्यामुळें लागवडीची जमीन फारच थोडी. समुद्राच्या लांब, अरुंद व खोल खाड्या जमिनींत दूरवर शिरल्या आहेत. त्यांस तेथील लोक फ्योर्ड म्हणतात. पलीकडच्या काठावरचीं घरें डोळ्यांस स्पष्ट दिसावीं, पण तेथें जावयाचें तर नाव तरी हवी, नाहीं तर डोंगराला मोठा वळसा तरी घालावा, असा प्रकार पूर्वीं सर्वत्र असे. अशा देशांत दूरच्या राजधानींत बसून प्रत्येक खोऱ्याचा कारभार पाहणें शक्य नव्हतें. ज्या त्या खोऱ्यानें आपला कारभार आपण पाहावा, हा धडा लोकांस त्या जमिनीनेंच शिकविला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

नॉर्वेची विभागणी दोन पायऱ्यांची आहे. मोठ्या विभागास तेथील भाषेंत फिल्के म्हणतात. जुन्या मराठी भूगोलांत इंग्लंडांतील अशा विभागांस परगणा हा शब्द योजीत असत. तोच आपण येथें वापरूं. लहान विभागास कोम्यूने असें नांव आहे. हा शब्द मूळ लॅटिन भाषेंतील असून त्याचा अर्थ सामाईक असा होतो. त्यास मराठींत नेमका प्रतिशब्द देणें कठीण आहे. आपल्याकडे खेड्याची ग्रामपंचायत निराळी व शहराची नगरपालिका निराळी. पण नॉर्वेंत लाखो वस्तीचें शहर असो अथवा दोनशें माणसांचें बेट असो, दोहोंस नांव एकच आणि कायदाही एकच. म्हणून तो शब्द कोम्यून ह्या रूपानें तसाच ठेवूं.

इ. स. २०२४ च्या १ जानेवारीपासून ह्या देशांत १५ परगणे व ३५७ कोम्यूनें आहेत. राजधानी ऑस्लो ही तेवढी एकाच वेळीं परगणाही आहे व कोम्यूनही आहे. उत्तरेकडील महासागरांतील स्वालबार द्वीपसमूह आणि यान मायेन बेट हीं नॉर्वेच्या सत्तेखालीं असलीं, तरी कोणत्याही परगण्यांत मोडत नाहींत. बाकीच्या देशांतील प्रत्येक घर एका कोम्यूनांत आणि एका परगण्यांत येतें.

आतां ह्या दोन पायऱ्यांवर कामाची वांटणी कशी केली आहे, तें पाहूं. नुसती यादी दिली तर ती लक्षांत राहणार नाहीं. म्हणून एखाद्या मुलाचें आयुष्य डोळ्यांपुढें आणावें. मूल जन्मतें तें रुग्णालय राष्ट्रीय सरकारचें, इ. स. २००२ पूर्वीं रुग्णालयें परगण्यांच्या हातीं होतीं, त्या वर्षीं तीं सरकारनें आपल्याकडे घेतलीं. घरीं आल्यावर त्या मुलाचें वजन पाहणें, देवी-गोवराप्रमाणें निरनिराळ्या रोगांवर पूर्वापार चालत आलेल्या पद्धतीनें लस टोंचणें, हें काम कोम्यूनाच्या आरोग्यकेंद्राचें. (देवीचा रोग जगांतून नाहींसा झाल्यामुळें ती लस मात्र आतां मुलांस सरसकट टोंचीत नाहींत.) पुढें बालवाडीची तजवीज कोम्यूनानें करावयाची. सहाव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत दहा वर्षांचें शिक्षण सक्तीचें आहे, आणि त्याच्या शाळा कोम्यूनाच्या. त्यानंतरची वरची शाळा मात्र परगण्याची. त्या शाळेंत नेणारी मोटारगाडी किंवा आगबोट हिची व्यवस्थाही परगणाच पाहतो. मुलाचा दांत दुखूं लागला तर दंतवैद्य परगण्याचा, आणि ताप आला तर डॉक्टर कोम्यूनानें नेमून दिलेला. विश्वविद्यालयांत गेला कीं तो पुन्हां राष्ट्रीय सरकारच्या कक्षेंत आला. शेवटीं म्हातारपणीं त्यास आधाराची गरज लागली म्हणजे घरीं येऊन शुश्रूषा करणारी परिचारिका किंवा वृद्धाश्रमांतील खोली हीं देण्याचें काम फिरून कोम्यूनाकडेच येतें.

ह्याखेरीज पिण्याचें पाणी, सांडपाणी, केरकचरा, आगीचे बंब, वाचनालय, गांवांतील रस्ते, आणि कोणत्या जागेवर घर बांधूं द्यावें व कोठें देऊं नये ह्याचा निर्णय, हीं सर्व कामें कोम्यूनाचीं होत. परगण्यातर्फें मोठ्या परगणा-रस्त्यांची निगा, प्रवासाचीं साधनें, कला व संस्कृति ह्यांस साहाय्य, आणि अनेक कोम्यूनें मिळून होणाऱ्या योजनांची आंखणी हीं कामें चालतात. सैन्य, पोलीस, न्यायालयें व रेल्वे हीं राष्ट्रीय सरकारच्या हातीं आहेत.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. परगणा मोठा व कोम्यून लहान, म्हणून परगणा हा कोम्यूनाचा वरिष्ठ, असें आपणांस सहज वाटेल. पण तसें नाहीं. दोघांच्याही सभा लोकांनीं निवडलेल्या असतात, दोघांचीं कामें निरनिराळीं असतात, आणि कोणीही कोणाचा हाताखालचा नव्हे. सरकारच्या वतीनें देखरेख करणारा अधिकारी वेगळा असतो. त्यास पूर्वीं परगण्याचा माणूस अशा अर्थाचें नांव होतें, इ. स. २०२१ पासून राज्याचा व्यवस्थापक अशा अर्थाचें नवें नांव मिळालें. कोम्यूनाचा ठराव कायद्यास धरून आहे कीं नाहीं हें तो तपासतो, व नागरिकांच्या कांहीं प्रकारच्या तक्रारी त्याच्यापुढें जातात.

कोम्यूनाची सभा दर चार वर्षांनीं, सप्टेंबर महिन्यांत, निवडली जाते. परगण्याच्या सभेची निवडणूकही त्याच वेळीं होते. पैकीं परगण्याच्या सभेस लोक स्वतः मतें देऊं लागले ते इ. स. १९७५ पासून. लहानांत लहान कोम्यूनाच्या सभेंत निदान ११ सभासद असलेच पाहिजेत, असा कायदा आहे. हे सभासद आपल्यांतून एक अध्यक्ष निवडतात. त्याच्या पदाचें नांव ओर्डफोरर. शब्दशः अर्थ घेतला तर शब्द वाहून नेणारा. सर्वांच्या वतीनें जो बोलतो, तो अध्यक्ष. ह्याच्या जोडीला एक पगारी मुख्य अधिकारी असतो. निर्णय घ्यावयाचा तो सभेनें, आणि अंमल करावयाचा तो त्या अधिकाऱ्यानें व त्याच्या हाताखालील मंडळीनें, अशी वांटणी ठरलेली आहे.

पैसा कोठून येतो? नागरिक जो प्राप्तीवरील कर भरतो, त्याचे तीन वांटे होतात: एक कोम्यूनास, एक परगण्यास व एक राष्ट्रीय सरकारास. कोम्यूनास वाटल्यास घरांवर व जमिनीवरही कर बसवितां येतो. पण श्रीमंत वस्तीच्या कोम्यूनास पुष्कळ उत्पन्न व गरीब कोम्यूनास थोडें, असें होऊं नये म्हणून सरकार अनुदान देऊन ही विषमता बरीचशी भरून काढतें. असें नसतें तर कायद्यानें दिलेले अधिकार गरीब कोम्यूनांच्या बाबतींत कागदावरच राहिले असते.

हीं कोम्यूनें आकारानें किती भिन्न असावींत! ऑस्लो शहरांत सात लाखांहून अधिक लोक राहतात. देशाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यापासून सुमारें १८ किलोमीटर आंत समुद्रांत उत्सिरा नांवाचें बेट आहे. तेथील वस्ती सुमारें दोनशें, आणि क्षेत्रफळ सहा चौरस किलोमीटरांहून किंचित् अधिक. उलट अगदीं उत्तरेस काउटोकेइनो हें क्षेत्रानें सर्वांत मोठें कोम्यून. तें ९,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे उत्सिराच्या सुमारें दीड हजार पट, असूनही तेथील लोकसंख्या तीन हजारांच्या आंतच आहे. तेथें मुख्यतः सामी लोक राहतात व रेनडियर नांवाच्या हरणांचे कळप पाळतात. देशांतील जवळजवळ निम्म्या कोम्यूनांची लोकसंख्या ५,००० च्या खालीं आहे. आणि तरीही कायदा सर्वांस सारखींच कामें सांगतो. राजधानीनें ज्याप्रमाणें शाळा, डॉक्टर व वृद्धांची सेवा पुरवावयाची, त्याचप्रमाणें उत्सिरानेंही पुरवावयाची. आगीचे बंब किंवा केरकचरा अशा कांहीं कामांत शेजारचीं कोम्यूनें एकत्र येऊन खर्च वांटून घेतात. पण जबाबदारी ज्याची त्यास चुकत नाहीं.

हीं क्षेत्रें प्रथम कोणी आंखलीं? ह्याचें उत्तर देण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. अनेक शतकें नॉर्वे हा डेन्मार्कच्या राजाच्या सत्तेखालीं होता. त्या काळीं बहुतेक लोकांच्या दृष्टीनें देशाचा खरा विभाग म्हणजे आपल्या पाळकाचा टापू, ज्यास इंग्रजींत पॅरिश म्हणतात, तो होय. इ. स. १७३६ त सर्वांस दृढीकरण सक्तीचें झालें. आणि दृढीकरणापूर्वीं धर्मशिक्षण पक्कें हवें, तर मुलांस वाचतां आलें पाहिजे, म्हणून इ. स. १७३९ त खेड्यापाड्यांतील शाळांविषयीं हुकूम निघाला. शाळांची व गोरगरिबांच्या मदतीची व्यवस्था पाळकाच्या टापूप्रमाणेंच होऊं लागली. ज्या खोऱ्यांतील माणसें रविवारीं पायीं अथवा नावेनें एका देवळांत जमत, तींच एकमेकांच्या मुलांविषयीं व अनाथांविषयीं विचारही एकत्र करूं लागलीं.

इ. स. १८१४ त डेन्मार्कशीं असलेला संबंध तुटला, व आयड्सवोल येथें १७ मे रोजीं नॉर्वेची राज्यघटना मंजूर झाली. त्याच वर्षीं देश स्वीडनच्या राजाच्या छत्राखालीं गेला, तरी स्टोर्टिंग ही त्याची स्वतंत्र विधिसभा कायम राहिली. आरंभीं त्या सभेंत सरकारी अधिकाऱ्यांचें वजन फार होतें. इ. स. १८३३ च्या सभेंत मात्र शेतकरी प्रतिनिधि इतक्या मोठ्या संख्येनें आले कीं, तिला शेतकऱ्यांची सभा असेंच नांव पडलें. त्यांच्या पुढाऱ्यांत ऊले गाब्रिएल उएलान हा प्रमुख होता. तरुणपणीं तो फिरता शाळामास्तर होता, म्हणजे शाळेची इमारत नसलेल्या वस्त्यांत, एका घराहून दुसऱ्या घरीं जाऊन मुलांस शिकवीत असे. आपल्या खोऱ्याचा खर्च आपण देतों, तर तो कसा व्हावा हें आपणच ठरविलें पाहिजे, ही शेतकऱ्यांची मागणी होती. तिचें फळ म्हणजे १४ जानेवारी १८३७ चे स्थानिक कारभाराचे कायदे. पुढील वर्षीं, इ. स. १८३८ त, देशभर ३९२ कोम्यूनें सुरू झालीं. आणि नव्या रेघा ओढण्याचा खटाटोप न करतां बहुतेक ठिकाणीं पाळकाच्या टापूचीच सीमा घेण्यांत आली. पहिल्या अध्यक्षांत पाळकांची संख्या बरीच होती. पुढें हळूहळू शेतकऱ्यांनीं त्या खुर्च्या घेतल्या.

तथापि त्या वेळीं मत देण्याचा अधिकार थोड्यांसच होता. पंचवीस वर्षांवरील पुरुष, आणि तोही सरकारी अधिकारी, जमीनधारक किंवा शहरांतील व्यापारी असला तरच मत. मजूर, गडी व स्त्रिया ह्यांस कोम्यूनाच्या कारभारांत स्थान नव्हतें. ह्या बाबतींत रेघांच्या आंत कोण बसूं शकतो, हें ठरण्यास आणखी बराच काळ लागला. इ. स. १९०१ त ठराविक प्राप्ति असलेल्या स्त्रियांस कोम्यूनाच्या निवडणुकींत मत मिळालें, आणि इ. स. १९१० त सर्व स्त्रियांस मिळालें. स्टोर्टिंगसाठीं सर्व स्त्रियांस मत मिळालें तें इ. स. १९१३ त, म्हणजे मोठ्या दारापूर्वीं हें लहान दार उघडलें होतें. ह्याचें सर्वांत लक्षांत राहणारें उदाहरण वर सांगितलेल्या उत्सिरा बेटाचें आहे. हें बेट इ. स. १९२४ त स्वतंत्र कोम्यून झालें. लगेच पुढील वर्षाच्या निवडणुकींत सभेच्या १२ जागांपैकीं ११ जागांवर स्त्रिया निवडून आल्या! त्यांनीं ओसा हेल्गेसेन ह्या सुइणीस अध्यक्ष केलें. इ. स. १९२६ पासून १९२८ पर्यंत तिनें तें काम केलें, आणि ती नॉर्वेंतील पहिली स्त्री अध्यक्ष ठरली. मोठ्या कोम्यूनाच्या कोंपऱ्यांत पडून राहिलें असतें, तर ह्या बेटाला असा प्रयोग करण्याची संधि मिळाली नसती.

परगण्यांचा इतिहास निराळा आहे. ते खालून उगवले नाहींत, वरून लादले गेले. इ. स. १६६२ त डेन्मार्कच्या राजानें देशाचे आम्ट नांवाचे विभाग पाडून प्रत्येकावर आपला अधिकारी बसविला. त्यांपैकीं कित्येकांचीं नांवें राजांवरून, सरदारांवरून अथवा एखाद्या जहागिरीवरून पडलीं होतीं. इ. स. १९०५ त नॉर्वे स्वीडनपासून वेगळा होऊन पूर्ण स्वतंत्र झाल्यावर हीं परकी नांवें लोकांस खुपूं लागलीं. तेव्हां इ. स. १९१९ च्या आरंभापासून आम्ट शब्द टाकून देऊन फिल्के हा प्राचीन शब्द पुन्हां घेण्यांत आला. तो फोल्क, म्हणजे लोक, ह्या शब्दाशीं संबंध असलेला आहे. त्याबरोबरच ब्रात्सबर्ग जाऊन तेलेमार्क, आणि यार्ल्सबर्ग ओ लार्विक जाऊन वेस्टफोल, अशीं जुनीं देशी नांवें परत आलीं. राजाच्या विभागाचा अशा रीतीनें लोकांचा विभाग झाला.

इ. स. १८३८ नंतर कित्येक कोम्यूनांचे तुकडे पडत गेले व इ. स. १९३० च्या सुमारास त्यांची संख्या ७४७ पर्यंत पोहोंचली. चर्चला जाण्यापुरतें क्षेत्र त्या काळच्या लहानशा कारभारास पुरेसें होतें. पण विसाव्या शतकांत कोम्यूनाकडे नवीं कामें येऊं लागलीं. सात वर्षांच्या शाळेच्या जागीं नऊ वर्षांची शाळा आली, आणि इ. स. १९६९ त ती सर्वत्र सक्तीची झाली. गणित, विज्ञान व परकी भाषा ह्यांचे शिक्षक ठेवावयाचे तर पुरेशीं मुलें हवींत. शिवाय रस्ते व पूल झाले, आणि पूर्वीं माणसांना वेगळे करणारें पाणी आतां तितकें अडविनासें झालें. इ. स. १९४६ त निकोलाई शेई ह्यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली गेली. तिच्या सूचनांवरून इ. स. १९५८ पासून १९६७ पर्यंत कोम्यूनांची संख्या ७४४ वरून ४५४ वर आणण्यांत आली. त्यानंतर दुसरी मोठी लाट इ. स. २०१४ त सुरू झाली. ११९ कोम्यूनांचीं ४७ झालीं, आणि इ. स. २०२० च्या १ जानेवारीस ३५६ उरलीं. त्याच सुमारास १९ परगण्यांचेही ११ केले गेले.

मोठें कोम्यून करावें असें म्हणणारांचा पक्ष लंगडा नव्हता. वृद्धांची संख्या वाढत आहे, तरुण मंडळी शहरांकडे जात आहे, आणि चार हजार वस्तीच्या गांवास अनुभवी इंजिनियर, कायदेपंडित व मुलांच्या रक्षणाचें काम करणारी शिकलेली व्यक्ति मिळणें दुरापास्त होतें. शिवाय लहान गांवांत ज्याच्याविषयीं निर्णय घ्यावयाचा, तो अधिकाऱ्याचा नातलग किंवा शेजारीच निघतो. मग निःपक्षपात कसा राहावा? दुसऱ्या पक्षाचें म्हणणेंही तितकेंच खरें होतें. सभा दूर गेली म्हणजे लहान गांवाचे एक दोन प्रतिनिधि मोठ्या गर्दींत हरवतात. आणि काटकसर करण्याची वेळ आली कीं पहिलें कुलूप टोंकाच्या गांवांतील शाळेस लागतें. शाळा गेली कीं लहान मुलांचीं कुटुंबें जातात, आणि कुटुंबें गेलीं कीं दुकानही जातें.

हा वाद सर्वांत तीव्र झाला तो फिनमार्क परगण्यांत. हा देशाच्या अगदीं ईशान्य टोंकाचा, रशियास लागून असलेला मुलूख आहे. क्षेत्रानें तो सबंध डेन्मार्क देशाहून मोठा, पण लोक अवघे सुमारें ७५,०००. इ. स. २०१७ त स्टोर्टिंगनें ठरविलें कीं, फिनमार्क व त्याच्या पश्चिमेचा त्रोम्स हे परगणे एक करावेत. फिनमार्कच्या लोकांस वाटलें कीं, आपली वस्ती थोडी असल्यामुळें ह्या संसारांत आपला शब्द चालणार नाहीं. इ. स. २०१८ च्या मे महिन्यांत तेथील परगणा-सभेनें लोकांचें मत घेतलें. मतदारांपैकीं ५८ टक्के लोकांनीं मतें दिलीं, आणि त्यांतील ८७ टक्के मतें विलीनीकरणाच्या विरुद्ध पडलीं. हें मत सरकारवर कायद्यानें बंधनकारक नव्हतें. इ. स. २०२० च्या १ जानेवारीस दोन्ही परगणे एक झाले.

परंतु प्रश्न तेथें मिटला नाहीं. इ. स. २०२१ च्या निवडणुकीनंतर देशांत नवें सरकार आलें, व ज्या परगण्यांस पुन्हां वेगळें व्हावयाचें असेल त्यांस त्यानें मुभा दिली. इ. स. २०२२ त स्टोर्टिंगनें मंजुरी दिली, आणि इ. स. २०२४ च्या १ जानेवारीस फिनमार्क व त्रोम्स विभक्त झाले. त्याच दिवशीं ऑस्लोभोंवतालचा व्हिकेन नांवाचा मोठा परगणाही फुटून त्याचे पूर्वीचे ओस्टफोल, आकर्सहूस व बुस्केरूड हे तीन परगणे झाले, आणि वेस्टफोल व तेलेमार्क हेही वेगळे झाले. कोम्यूनांत हारम हें ओलेसुंडपासून निराळें झालें. म्हणून ३५६ चीं ३५७ झालीं. पण सर्वच जोड्या मोडल्या असें मात्र समजूं नये. त्रोंडेलाग, आग्डर, वेस्टलान व इनलांडे हे जोडून झालेले परगणे तसेच राहिले. जेथें एकत्र येणें लोकांच्या मनास पटलें, अथवा निदान अंगवळणी पडलें, तेथें नवी रेघ टिकली. जेथें तें कधींच पटलें नाहीं, तेथें टिकली नाहीं. ह्या सर्व धामधुमींत स्टोर्टिंगच्या निवडणुकीचे १९ मतदारसंघ मात्र जुन्या परगण्यांप्रमाणेंच ठेवले होते, हीही एक मौजेची गोष्ट आहे.

ह्या घडामोडीचा खर्च पुष्कळ झाला. नव्या कचेऱ्या, नवीं नांवें व नव्या पाट्या आल्या, आणि चार वर्षांनीं त्या उतरविल्या गेल्या. हा व्यर्थ व्यय होता असें म्हणणारे लोक तेथेंही आहेत. पण ज्या देशाच्या घटनेंत इ. स. २०१६ त असें कलम घातलें गेलें कीं, स्थानिक गोष्टींचा कारभार लोकांनीं निवडलेल्या स्थानिक संस्थांमार्फत करण्याचा हक्क रहिवाशांस आहे, त्या देशाला ८७ टक्के लोकांचा नकार कायमचा कानाआड करणें जड गेलें असतें. सीमा कागदावर आंखणें हें भूमापकाचें काम आहे. ती लोकांनीं आपली मानणें, ही निराळी गोष्ट आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या वयाच्या मुलांस ह्या कारभारांत काय स्थान आहे, असें तुम्ही विचाराल. नॉर्वेंत मताचा अधिकार १८ व्या वर्षीं मिळतो. इ. स. २०११ व २०१५ ह्या वर्षीं कांहीं निवडक कोम्यूनांत १६ वर्षांच्या मुलांमुलींस मत देऊं देण्याचा प्रयोग करून पाहिला. तो पुढें कायम केला नाहीं. परंतु इ. स. २०१८ च्या नव्या स्थानिक कारभाराच्या कायद्याप्रमाणें प्रत्येक कोम्यूनानें व प्रत्येक परगण्यानें तरुणांचें एक सल्लागार मंडळ नेमलेंच पाहिजे, तसेंच वृद्धांचें व अपंगांचेंही. शाळा, खेळाचें मैदान अथवा रात्रीची शेवटची गाडी ह्यांविषयीं ठराव व्हावयाचा असल्यास त्या मंडळाचें म्हणणें ऐकावें लागतें. तसेंच इ. स. १९८३ पासून परदेशी माणूसही तेथें सलग तीन वर्षें राहिला, तर स्टोर्टिंगसाठीं नव्हे, पण कोम्यूनाच्या व परगण्याच्या निवडणुकीसाठीं मत देऊं शकतो. जो येथील पाणी पितो व येथील शाळेंत मुलें धाडतो, त्यास येथील कारभाराविषयीं बोलतां आलें पाहिजे, असा ह्यांतील विचार आहे.

पालकमंडळींस व विद्यार्थ्यांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, पुढें कोणत्याही देशाचा नकाशा पाहतांना त्यांतील बारीक रेघांकडे क्षणभर अधिक लक्ष द्यावें, आणि प्रत्येक रेघेस तीन प्रश्न विचारावे. ती केव्हां ओढली? तिच्या आंत कोणतीं कामें चालतात? आणि आंत राहणाऱ्यांस ती ओढतांना कोणी विचारलें होतें काय? पहिल्या दोहोंचीं उत्तरें पुस्तकांत सांपडतील. तिसऱ्याचें उत्तर शोधण्यासाठीं उत्सिरासारख्या बेटाचा किंवा फिनमार्कसारख्या ओसाड मुलखाचा इतिहास चाळावा लागेल. आणि तो चाळल्यावर ती रेघ पाठ करण्याचा कंटाळा येणार नाहीं.